ब्राउझर उघडला की अख्खा पीसी हँग? आधी कॅप्स लॉक दाबून बघा

ब्राउझरमुळे सगळा कॉम्प्युटर हँग होतोय असं कुठंही विचारा, उत्तरं ठरलेली. कॅशे साफ कर, हिस्ट्री उडव, ब्राउझर काढून परत टाक, अँटीव्हायरस फिरव आणि नाहीच जमलं तर फॉरमॅट मार. गल्लीतला रिपेअरवाला तर डायरेक्ट शेवटच्या पायरीवरच सुरू होतो, "विंडोज नवीन टाकून देतो, संध्याकाळी या." आता कॅशे साफ करून एखादी वेबसाइट नीट दिसायला लागेल, लॉगिनचा घोळ मिटेल, ते ठीक आहे, पण माउसच्या बाणासकट सगळं गोठतंय त्याचा कॅशेशी काय संबंध? काही नाही. तरी लोक करतात, दोन दिवस बरं वाटतं (कारण सगळे टॅब बंद झालेले असतात!) आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

मुळात ब्राउझर हा साधा प्रोग्रॅम आहे, त्याला सगळं मशीन बंद पाडायची पॉवरच नसते. एखाद्या टॅबमधलं जावास्क्रिप्ट वेड्यासारखं गोल गोल फिरत बसलं तर सीपीयूचा एक कोअर शंभर टक्क्यांवर जाईल, पंखा बोंबलेल, तो टॅब प्रतिसाद देणार नाही, पण बाकीचे कोअर मोकळे असतात आणि ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यांना आळीपाळीने वेळ देतच असते, त्यामुळे तुम्ही आरामात दुसरी विंडो उघडू शकता. म्हणजे सगळंच गोठलं तर ब्राउझर अशा कुठल्यातरी ठिकाणी अडकलाय जी जागा सगळ्यांची मिळून एकच आहे. रॅम, डिस्क, ग्राफिक्स, नाहीतर मग हार्डवेअरच गंडलंय. ब्राउझरचं नाव येतं कारण दिवसभर तोच उघडा असतो आणि या सगळ्यांवर सगळ्यात जास्त ताण तोच टाकतो.

म्हणून माझं एकच म्हणणं असतं, हँग झाल्या झाल्या पॉवर बटण दाबून धरू नका राव. कारण काय आहे ते तेव्हाच दिसतं, रिस्टार्ट केलं की पुरावा गेला.

तेव्हा बघायचं काय? एक, कॅप्स लॉक. हा दिवा कीबोर्ड स्वतःच्या मनाने लावत नाही, कळ दाबल्याची खबर आत जाते आणि आतून सिस्टिम सांगते की दिवा लाव. दिवा लगेच लागला तर आतलं सगळं जिवंत आहे, फक्त स्क्रीन अडकलीय. दाबल्यावर वीस-तीस सेकंदांनी लागला तर मशीन मेलेलं नाही, धापा टाकतंय. अजिबातच नाही लागला तर मामला गंभीर, पण तरी लगेच घोषित करू नका, कारण लिनक्सवर (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) ग्राफिक्सचा भाग अडकला असला तरी कधीकधी दिवा लागत नाही. तिथं मी मोबाइलवरून त्याच वायफायने एसएसएच (म्हणजे दुसऱ्या मशीनवरून कमांड देऊन आत शिरायची सोय) करून बघतो, आत शिरता आलं तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ठणठणीत आहे. दुसरं म्हणजे हार्ड डिस्कचा दिवा, डब्यावर (म्हणजे कॅबिनेटवर) असतो तो, न थांबता पेटलाय का. आणि आवाज. गाणं चालू असेल तर ते पुढं जातंय, की एकाच जागी ट्र्र्र्र करत अडकलंय.

माझ्या स्वतःच्या डेस्कटॉपची गोष्ट सांगतो. जुना डबा, चार जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क, वर लिनक्स. मेल, दोन-चार गुगल डॉक, एक यूट्यूब, सोबत बातम्यांचे टॅब, आणि मग एखादं जाहिरातींनी भरलेलं पान उघडलं की संपलं. बाण हलायचा बंद, घड्याळातले आकडे जागच्या जागी आणि डिस्कचा दिवा ढिम्म लाल, लुकलुकणं सुद्धा नाही, सलग. कॅप्स लॉक लागायचा पण चहा करून येईपर्यंत.

हे रॅम संपल्याचं लक्षण. पण रॅम संपली तर डिस्क का बोंबलते, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथंच सगळी मेख आहे. रॅम भरत आली की कर्नल जागा करायला बघतो. स्वॅप, म्हणजे रॅमला मदत म्हणून डिस्कवर राखून ठेवलेली जागा, असेल तर कमी वापरातली पानं (मेमरीचे छोटे तुकडे, वेबपानं नव्हेत) तिकडं लिहून टाकतो. स्वॅप नसेल तर? बऱ्याच जणांना वाटतं स्वॅप बंद केलं की हा त्रास संपला, हा सल्ला देताना लोकांना मी पण खूप ऐकलंय, पण तसं होत नाही. प्रोग्रॅमचा जो कोड आहे तो डिस्कवर फाइलच्या रूपात आहेच ना, मग कर्नल तो रॅममधून खुशाल टाकून देतो, लागला तर परत वाचू म्हणतो. आणि लागतो तर लगेचच, कारण तो कोड चालू असलेल्याच प्रोग्रॅमचा असतो. ओट्यावर जागा नाही म्हणून कढई खाली ठेवायची, पातेलं वर घ्यायचं, तेवढ्यात फोडणीला कढई पाहिजे म्हणून पातेलं खाली, असं चाललेलं असतं, स्वयंपाक काही होत नाही.

आणि फिरणाऱ्या डिस्कचा वेग बघा. इकडचं तिकडचं वाचायचं असेल तर असली डिस्क सेकंदाला साधारण शंभर वेळा जागा बदलू शकते. एक पान 4 किलोबाइटचं. म्हणजे ढोबळमानाने सेकंदाला 400 किलोबाइट! पुढचं पुढचं आधीच वाचून ठेवायच्या युक्त्या कर्नल करतो त्यामुळे प्रत्यक्षात थोडं बरं असतं, तरी माउसचा बाण हलवायला जो कोड लागतो तो सुद्धा जर डिस्कवरून परत आणायचा असेल तर मिनिट लागलं यात नवल काय. एसएसडी असली तर हाच प्रकार होतो पण वेग कैक पटींनी जास्त म्हणून जाणवतो कमी.

मग लिनक्समध्ये ओओएम किलर म्हणून जो असतो, मेमरी संपली की एखादा मोठा प्रोग्रॅम मारून जागा करणारा, तो कुठं झोपलेला असतो? झोपलेला नसतो, त्याला कुणी बोलावलेलंच नसतं. कर्नल बघतो की पानं टाकून थोडी थोडी जागा मिळतीय अजून, म्हणजे चाललंय की काम, कशाला कुणाला मारा. त्याच्या हिशेबाने सगळं सुरळीत आणि समोर बसलेला माणूस पॉवर बटणाकडं बघतोय. 2019 मध्ये यावर कर्नलवाल्यांमध्ये मोठी चर्चा झाली होती, रॅम 4 जीबी, स्वॅप बंद आणि ब्राउझरमध्ये टॅब उघडत जा, एवढ्या साध्या कृतीने कुणालाही हा हँग घडवून बघता येत होता. त्याच्या आधीच, 2018 च्या शेवटी आलेल्या 4.20 कर्नलमध्ये पीएसआय नावाची सोय आली होती, म्हणजे प्रोग्रॅमना मेमरीसाठी नुसतं ताटकळत किती वेळ उभं राहावं लागतंय ते मोजणारी. त्या मोजमापावर चालणारं, वेळेत प्रोग्रॅम मारून जागा करणारं सिस्टिमडी-ओओएमडी फेडोरा आणि उबंटू या लिनक्सच्या दोन प्रकारांनी, फेडोराने 34 व्या आवृत्तीत आणि उबंटूने 22.04 मध्ये, आपणहून चालू करून दिलं. उबंटूवर मग लगेच उलटी बोंब झाली, की काम करता करता ब्राउझर अचानक गायब होतो! दोन्हीकडून शिव्याच.

मी वापरतो ते अर्लीऊम. छोटंसं आहे, पॅकेज टाकायचं, सर्व्हिस चालू करायची, विसरून जायचं. उपलब्ध रॅम आणि रिकामं स्वॅप दोन्ही दहा टक्क्यांच्या खाली गेलं की ते सगळ्यात जड प्रोसेसला नीट सांगून बंद करतं, पाच टक्क्यांच्या खाली गेलं तर न सांगता. क्रोम आपल्या टॅबच्या प्रोसेसना मुद्दामच "मारायचं तर आधी यांना मारा" असा जास्त गुण देऊन ठेवतो, त्यामुळे बहुतेक वेळा एक टॅब जातो, तिथं तो उदास चेहरा दिसतो, रीलोड केलं की परत चालू. अख्खा पीसी जाण्यापेक्षा टॅब गेलेला कधीही परवडला. जोडीला झेडरॅम चालू केलंय, म्हणजे डिस्कवर टाकण्याऐवजी रॅममध्येच दाबून कॉम्प्रेस करून ठेवायचं, फेडोरामध्ये तर 33 पासून ते आधीपासूनच चालू येतं. चार जीबीवाल्यांनी हे डोळे झाकून करावं असं माझं मत.

आणि हँग झालेला असतानाच ओओएम किलरला हाक मारायची सोय पण आहे बरं का. ऑल्ट, सिसआरक्यू (म्हणजे प्रिंट स्क्रीनची कळ, लॅपटॉपवर बऱ्याचदा एफएन पण दाबावं लागतं) आणि एफ. पण उबंटूत हे दाबून काहीच होत नाही आणि लोक म्हणतात बकवास आहे. कारण तिथं या सोयीचा आकडा 176 ठेवलेला असतो. हा आकडा बेरजेचा आहे, 128 म्हणजे रीबूट, 32 म्हणजे डिस्क रीड-ओन्ली करणं, 16 म्हणजे सिंक (राहिलेलं डिस्कवर लिहून टाकणं). प्रोसेस मारायचे 64 त्यात नाहीतच. ते मिळवून कर्नल-डॉट-सिसआरक्यू ही सेटिंग 240 केली की एफ चालायला लागतं. आणि हँग मशीन नीट रीस्टार्ट करायला ऑल्ट-सिसआरक्यू धरून एकेक अक्षर दाबायचा तो आर-ई-आय-एस-यू-बी चा मंत्र जो जिथं तिथं सांगतात ना, त्यातली पण शेवटची तीनच अक्षरं 176 वर चालतात. तरी पॉवर बटणापेक्षा ती तीन बरी, निदान डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून तरी होतं.

ब्राउझर एवढी रॅम खातो कशाला, हा प्रश्न येतोच. शिव्या घालायला मी पण पुढे असतो पण खरं सांगायचं तर त्यातला काही भाग आपल्या भल्यासाठी आहे. 2018 च्या सुरुवातीला स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली भानगड बाहेर आली, एका वेबसाइटला दुसरीचं मेमरीतलं वाचता येईल अशी भीती, मग त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस द्यायला सुरुवात केली आणि गुगलने तेव्हाच सांगितलं होतं की यात मेमरी 10 ते 13 टक्के जास्त लागेल. फायरफॉक्सनेही 2021 मध्ये तोच रस्ता धरला. म्हणजे एका पानात चार जाहिराती चार ठिकाणहून आल्या तर त्यांच्या चौकटी पण वेगळ्या प्रोसेसमध्ये. कोण किती खातंय ते बघायला क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबा, फायरफॉक्समध्ये अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट-कोलन-प्रोसेसेस टाका. एक्स्टेन्शनची गंमत तिथंच दिसते, कधीकाळी एका कूपनसाठी टाकलेलं काहीतरी निवांत तीनशे एमबी घेऊन बसलेलं असतं.

विंडोजवर वेगळा तमाशा. ताईचा फोन आला, ती साताऱ्याला असते, शाळेत शिकवते.

"अरे परत हँग झाला बघ. ऑनलाइन ट्रेनिंग चालू आहे आणि सगळं थांबलंय."

"आवाज येतोय का अजून?"

"आवाज येतोय ना, मॅडम बोलतायत. चित्र तेवढं थांबलंय."

"कॅप्स लॉक दाब, दिवा लागतो का बघ."

"लागला."

"लगेच?"

"हो रे, लगेच. आता काय करू, बटण दाबून धरू का?"

"अगं नको ताई! विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम दाब."

एक टुक् आवाज आला म्हणाली, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि आलं सगळं परत. तिला जादू वाटली. जादू काही नाही, त्या चार कळांनी ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारा प्रोग्रॅम) नव्याने सुरू होतो, उघडलेलं काम जात नाही. आवाज चालू, दिवा लगेच लागतोय आणि चित्र थांबलंय म्हटल्यावर रॅमचा विषयच नव्हता. हल्लीचे ब्राउझर पान रंगवायला आणि व्हिडिओ उलगडायला ग्राफिक्स चिपला कामाला लावतात, आणि ती चिप किंवा तिचा ड्रायव्हर अडकला की डेस्कटॉप, टास्कबार, सगळंच त्याच चिपमधून जात असल्यामुळे सगळंच थांबतं. विंडोज खरं तर दोन सेकंद वाट बघून स्वतःच ड्रायव्हरला झटका देऊन उठवतं, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची वही) 4101 नंबरची नोंद सापडते, डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं आणि आता सावरलाय अशा अर्थाची. ताईच्या लॅपटॉपवर अशा नोंदींची रांग लागलेली होती. कुणी बघितलं नव्हतं. रिपेअरवाल्याने आधी एकदा फॉरमॅट मारून दिलेला, त्यात लॅपटॉप कंपनीचा ड्रायव्हर गेला आणि विंडोजने आपल्या मनाचा कुठलातरी बसवला, म्हणजे पैसे देऊन दुखणं वाढवून घेतलं.

खात्री करायला क्रोमच्या सेटिंगमध्ये सिस्टिम या भागात ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशनचं बटण आहे ते बंद करायला लावलं. फायरफॉक्समध्ये जनरलमध्ये खाली परफॉर्मन्समध्ये, आधी "रेकमेंडेड" वरची टिक काढायची मग हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशनची टिक दिसते. ब्राउझर बंद करून परत उघडायचा. हँग थांबला, म्हणजे चोर सापडला. पण लोक इथंच थांबतात आणि ते बटण कायमचं बंद ठेवतात, ते मला पटत नाही. मग सगळा व्हिडिओ सीपीयूला उलगडावा लागतो, लॅपटॉप तापतो, बॅटरी दणादण उतरते. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घेऊन टाकायचा आणि बटण परत चालू करायचं. ताईकडं तसंच केलं.

आता तो तिसरा प्रकार, कॅप्स लॉक मेलेला, आवाज ट्र्र्र्र, मोबाइलवरून पण आत शिरता येत नाही. इथं ब्राउझर बिचारा निर्दोष असतो. याचं एक गाजलेलं उदाहरण म्हणजे इंटेलचे बे ट्रेल प्रोसेसर, 2013 पासूनचे, सेलेरॉन जे1900, एन2840 वगैरे, स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये आणि छोट्या डब्यांमध्ये भरपूर आले. लिनक्सवर हे अधूनमधून दगड व्हायचे, बऱ्याच जणांचे व्हिडिओ बघताना, त्यामुळे सगळे ब्राउझर बदलत बसले. कर्नलच्या बग यादीत 109051 नंबरवर ही तक्रार कित्येक वर्षं उघडी होती. प्रोसेसर काम नसताना गाढ झोपेत जातो, त्या झोपेतली गडबड. बूट होताना कर्नलला इंटेल-आयडल मॅक्स-सीस्टेट 1 असं सांगितलं, म्हणजे डुलकी चालेल पण गाढ झोपू नकोस, की थांबायचं. बॅटरी जास्त जायची पण मशीन चालायचं. कुणाकडं अजून असा डबा असेल आणि नवीन लिनक्स टाकूनही असं होत असेल तर ही ओळ टाकून बघायला हरकत नाही. बाकी खराब रॅमची पट्टी असेल तरी असाच दगड होतो, रात्री झोपताना मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवायचं, सकाळी एकही लाल ओळ दिसली तर पट्टी बदला, विषय संपला.

एक छोटी युक्ती मध्येच सांगून टाकतो, नाहीतर राहील. हँग होऊन रिस्टार्ट केल्यावर ब्राउझर इमानदारीत तेच सगळे टॅब परत उघडतो आणि परत हँग होतो, हे चक्र तोडायला वायफाय बंद करून ब्राउझर उघडायचा. पानं लोडच होत नाहीत, आरामात नको ते टॅब बंद करायचे, मग वायफाय चालू. आणि क्रोममध्ये मेमरी सेव्हर, एजमध्ये स्लीपिंग टॅब, हे चालू ठेवा. फायरफॉक्स विंडोजवर रॅम कमी पडली की जुने टॅब आपणहून उतरवतो, 93 पासून.

सध्या माझ्या टेबलावर शेजारच्या काकांचा डबा आहे. "ब्राउझर फार स्लो झालाय, तेवढा बघ" म्हणून आणून ठेवला. रॅम आठ जीबी, निम्मी रिकामी. ग्राफिक्स पण ठीक. पण ब्राउझर उघडला की टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के आणि वाचण्याचा वेग एक एमबीसुद्धा नाही, मधूनच आतून टक् टक्. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे काढले तर 5 नंबर आणि 197 नंबर, म्हणजे बदललेले सेक्टर आणि वाचता न येणारे सेक्टर, दोन्ही शून्य पाहिजेत तिथं भलतेच आकडे. ब्राउझर सतत कॅशे आणि हिस्ट्री डिस्कवर लिहीत-वाचत असतो, खराब जागा आली की डिस्क तेच तेच परत वाचायला बघते आणि तोवर सगळे रांगेत उभे. काकांना फोन करून म्हटलं, "काका, ब्राउझर राहू दे, यात फोटो कुठले आहेत ते सांगा आधी."

"अरे, मुलीच्या लग्नाचे आहेत सगळे. का रे?"

कॉपी लावलीय तासाभरापासून, फोल्डर मोठं आहे आणि मध्ये मध्ये अडकतंय, पण येतंय. डबा अजिबात बंद करायचा नाही असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. हे झालं की 256 जीबीची एसएसडी टाकायची, काकांना तेवढी पुष्कळ झाली.